कापूस, मँचेस्टर आणि मुंबई

यांत्रिक क्रांती, साम्राज्यवाद आणि जागतिक व्यापार ही तीन प्रकरणे इतिहासाच्या पुस्तकांत निरनिराळी छापलेली असतात, म्हणून विद्यार्थी ती निरनिराळीच पाठ करतात. वस्तुतः ती एकाच दोऱ्यात ओवलेली आहेत, आणि तो दोरा कापसाचा आहे. तो धरून चालले असता, मुंबई एवढी का वाढली आणि कोकणातील माणूस घर सोडून तेथे का गेला, याचा पुष्कळसा उलगडा होतो असे आम्हांस वाटते.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडात सूत कातण्याची यंत्रे निघाली व लँकेशायर परगण्यात गिरण्यांची दाटी झाली. तोपर्यंत हिंदुस्थान देशोदेशी कापड पुरवीत असे; आता उलटी गंगा वाहू लागली. राज्य इंग्रजांचेच असल्यामुळे त्या स्वस्त कापडास जबर जकातीने अडविणारा कोणी नव्हता. घरोघरचे सूत कातणे बंद पडत गेले. विणकर मात्र अगदीच नाहीसे झाले नाहीत. १८५७ च्या धामधुमीनंतर उत्तरेकडील अनेक मोमीन विणकर मालेगाव-भिवंडीकडे आले, आणि पुढे गिरणीच्याच सुतावर त्यांचे माग चालले.

लँकेशायरला कच्चा कापूस मुख्यतः अमेरिकेच्या दक्षिण भागातून मिळे. तो तेथे गुलामांच्या श्रमाने पिकविला जाई. १८६१ साली तेथे यादवी युद्ध पेटले व उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली. लँकेशायरचे मजूर उपाशी बसले आणि मुंबईवर सोन्याचा पाऊस पडू लागला. लोकांनी गाद्या-उशा फाडून आतला कापूस विकला, अशी कथा सांगतात! समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या बॅक बे कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० च्या घरात गेला. परंतु आपल्या कापसाचा धागा आखूड; यंत्रावर तो वारंवार तुटे. लँकेशायरचे मजूर या सर्वच कापसाला ‘सुरत’ म्हणत आणि त्याच्या नावाने बोटे मोडीत. एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपत आले तसे भाव कोसळले आणि पेढ्या बुडाल्या. १८६४ च्या गणतीत ८,१६,५६२ असलेली मुंबईची वस्ती १८७२ मध्ये ६,४४,४०५ भरली.

शेटजींच्या दिवाळ्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. शेतकऱ्याविषयी त्या मानाने थोडे. तेजीत सावकाराने सढळ हाताने कर्ज दिले. पुढे भाव उतरले, कर्ज मात्र उतरले नाही. त्यातच नव्या पाहणीने सारा वाढला. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे लोकांनी सावकारांवर हल्ला केला, आणि ठिकठिकाणी कर्जाची खते जाळली गेली. या दंग्याचे कारण केवळ कापूस नव्हे. तथापि अमेरिकेतील युद्धाची झळ दख्खनच्या खेड्यांपर्यंत पोचली होती, यात शंका नाही. १८७९ साली सरकारला शेतकऱ्यांच्या रक्षणासाठी कायदा करावा लागला.

दरम्यान मुंबईत गिरण्या उभ्या राहत होत्या. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली कंपनी काढली व १८५६ मध्ये तिची गिरणी चालू झाली. यंत्रे विलायतेची, भांडवल येथले, आणि सुताची मोठी गिऱ्हाइकी चीन देशात! हात मात्र कोकणचे. विशेषतः रत्नागिरीचे, तसेच घाटावरच्या साताऱ्याचेही. कोकणात कापूस पिकत नाही. पिकतो तो भात, आणि तोही घरच्या साऱ्या तोंडांना पुरत नसे. पुरुष बोटीने मुंबईस जात, बायका शेत सांभाळीत, आणि पोस्टमन मनिऑर्डर आणी. १८९६ मध्ये प्लेग आला तेव्हा हजारो मजूर त्याच वाटेने घरी पळाले आणि साथ ओसरताच परतले. एका कुटुंबाची चूल अशी दोन ठिकाणी पेटत राहिली.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यानंतर कित्येक गिरण्यांचे भोंगे पुन्हा वाजलेच नाहीत. त्यांच्या जागी आज उंच इमारती व मॉल उभे आहेत. काही कामगार कोकणात परतले. पण ज्या तुटपुंज्या शेतीपायी वाडवडिलांनी घर सोडले होते, ती शेती मधल्या काळात काही वाढलेली नव्हती.