थंडीचे मोजमाप आणि खानदेशची केळी

डिसेंबर-जानेवारीत वृत्तपत्रांत रोज छापला जाणारा किमान तापमानाचा तक्ता आपण कुतूहलाने वाचतो आणि विसरतो. खानदेशातील केळी उत्पादकाच्या दृष्टीने मात्र तो त्याच्या वार्षिक ताळेबंदाचाच भाग असतो.

भारतासारख्या खंडप्राय देशात ‘हिवाळा’ हा एकच शब्द अनेक ऋतूंना लावला जातो. काश्मीरात बर्फ पडत असते, तेव्हा तमिळनाडूच्या किनाऱ्यावर ईशान्य मोसमी पाऊस असतो. मुंबईला समुद्र उबदार राखतो. सांताक्रूझ येथे २२ जानेवारी १९६२ रोजी नोंदलेले ७.४ अंश तापमान म्हणूनच आजही नवलाचे वाटते. धुळे-जळगावला अशा पहाटेचे अप्रूप नाही. पश्चिमी झंझावात हिमालयावर हिमवृष्टी करून पुढे सरकले की त्यांच्या पाठोपाठ उत्तरेचे कोरडे वारे मध्य भारतात उतरतात. आकाश निरभ्र, हवा कोरडी आणि समुद्र दूर, त्यामुळे जमिनीची उष्णता रात्रीतून झपाट्याने निघून जाते आणि जड झालेली थंड हवा तापी खोऱ्यातील सखल शेतांत साचून राहते.

ही थंडी सर्वांनाच मारक असते असे नाही. गहू-हरभऱ्याला ती मानवते. केळी मात्र मूळची उष्ण प्रदेशातील. पारा दहा अंशांखाली टिकला की पानांवर चरका पडतो, वाढ खुंटते, घडाची निसवण अडते. शिवाय गव्हातील भांडवल चार-पाच महिन्यांत मोकळे होते. रावेर-यावलच्या केळीत ते जवळजवळ वर्षभर गुंतलेले असते. एकाच पहाटेचा हिशेब असा बांधाच्या दोन बाजूंना वेगवेगळा निघतो.

येथेच मोजपट्टीचा प्रश्न उपस्थित होतो. हवामान खात्याच्या व्याख्येनुसार मैदानी प्रदेशात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा निदान ४.५ अंशांनी कमी असावे, किंवा ते ४ अंशांपर्यंत उतरावे. तरच ती थंडीची लाट. जेथे सरासरीच १२ अंश आहे, तेथील ८ अंशांची पहाट या व्याख्येत बसत नाही. व्याख्या चुकीची नव्हे. ती केळीसाठी केलेली नाही, इतकेच.

हवामानाधारित फळपीक विमा योजनेने केळीसाठी वेगळा निकष ठरविला, हे स्वागतार्हच होय. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात सलग तीन दिवस किमान तापमान ८ अंश वा त्याहून कमी राहिल्यास भरपाई, असा तो निकष. परंतु तिसऱ्या दिवशी पारा ८.२ वर थांबला तर? झाडाचे नुकसान पायरीपायरीने वाढते. भरपाई मात्र एकाच उंबरठ्यावर अडून बसते. त्यातच नोंद महसूल मंडळातील केंद्राची, आणि नुकसान नदीकाठच्या सखल मळ्याचे. मळ्यात पेटविलेल्या शेकोट्या, रात्री दिलेले विहिरीचे पाणी, वारा अडविण्यासाठी लावलेली शेवरी, यांचा खर्च तर कोणत्याच रकान्यात येत नाही.

तेव्हा भरपाई अंशागणिक आणि दिवसागणिक चढती ठेवावी, सखल भागांत मोजणीची केंद्रे वाढवावीत आणि बचावाच्या उपायांना साहाय्य द्यावे. सरासरी हे अभ्यासकाचे उपयुक्त साधन आहे, यात शंका नाही. पण सरासरीने कोणाचेही कर्ज फिटत नाही.