पिक्प्यूसच्या भिंतीआड

पॅरिसच्या पूर्वेला 'प्लास द ला नास्यों' हा गजबजलेला चौक आहे. तिथून थोडे चालले की पिक्प्यूस रस्त्यावर ३५ क्रमांकाचा दरवाजा लागतो. आत एक चर्च, मागे लांबट बाग आणि बागेच्या टोकाला उंच भिंतींनी वेढलेली दफनभूमी. जागा खासगी आहे, फक्त दुपारी उघडते. आयफेल टॉवर आणि लूव्र पाहून परतणारे आपले पर्यटक सहसा इकडे फिरकत नाहीत. फ्रेंच राज्यक्रांती समजून घ्यायची असेल तर मात्र मी आधी इथे जायला सांगेन.

१७९४च्या उन्हाळ्यात गिलोटिन या चौकात आणले गेले. १४ जून ते २७ जुलै या सहा आठवड्यांत १,३०६ माणसांची मुंडकी उडवली गेली. त्यांत कोंपिएन्यच्या १६ कार्मेलाइट जोगिणी होत्या, कवी आंद्रे शेनिए होता. प्रेते गाडीत घालून क्रांती सरकारने ताब्यात घेतलेल्या इथल्याच एका मठाच्या बागेत नेत आणि दोन मोठ्या खड्ड्यांत टाकत. घरच्यांना कुणी काही कळवले नाही. २२ जुलैला नोआय घराण्यातल्या आजी, आई आणि मुलगी अशा तीन पिढ्यांच्या स्त्रिया एकाच दिवशी मारल्या गेल्या. या तिघी म्हणजे, पुढे ज्याला इथेच पुरले त्या फ्रेंच सेनानी लाफायेतची आजेसासू, सासू आणि मेहुणी.

हा लाफायेत क्रांतीचा शत्रू नव्हता, तिच्या आरंभकर्त्यांपैकी एक होता. १७५७ साली ओव्हेर्न्यमधल्या शाव्हानियाकच्या गढीत त्याचा जन्म झाला. तो दोन वर्षांचा होण्याआधीच वडील इंग्रजांशी लढताना पडले. अमाप वारसा हाती आला, सोळाव्या वर्षी आद्रिएन द नोआयशी लग्न झाले. दरबारात सुखाने आयुष्य गेले असते. पण १७७७ मध्ये राजाची मनाई झुगारून, स्वतःच्या पैशाने जहाज घेऊन तो अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात उतरला आणि एकोणिसाव्या वर्षी मेजर जनरल झाला. ब्रँडीवाइनच्या लढाईत त्याच्या पायाला गोळी लागली. १७८१ मध्ये यॉर्कटाउनला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसची कोंडी करणाऱ्यांत तो होता. पुढे भारतात येऊन मराठ्यांच्या साथीने टिपूला नमवणारा कॉर्नवॉलिस तो हाच.

११ जुलै १७८९ रोजी मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा मसुदा राष्ट्रसभेपुढे पहिल्यांदा ठेवला तो लाफायेतने. चार दिवसांनी पॅरिसच्या नागरी सैन्याची सूत्रे त्याच्याकडे आली. त्याला राजा हवा होता, पण कायद्याच्या चौकटीतला. ही मधली वाट दोन्ही बाजूंना खुपली. जुलै १७९१ मध्ये पॅरिसच्या शां द मार्स मैदानावर त्याच्या हाताखालच्या सैनिकांनी जमावावर गोळ्या झाडल्या, माणसे मेली, आणि लोकांचा विश्वास उडाला. तो डाग पुसता येणारा नाही, पुसूही नये. १७९२ मध्ये तो सरहद्द ओलांडून पळाला, शत्रूच्या हाती सापडला आणि पाच वर्षे कैदेत राहिला. पॅरिसच्या तुरुंगातून सुटलेली आद्रिएन १७९५ मध्ये दोन मुलींना घेऊन ऑस्ट्रियाच्या ताब्यातल्या ओल्म्युट्झच्या कोठडीत आपणहून त्याच्यासोबत राहायला गेली. तिथे तिची प्रकृती कायमची ढासळली.

माझ्या मते पिक्प्यूस ही खरी आद्रिएनची जागा आहे. सांगतात की बाप आणि भाऊ गमावलेली एक गरीब मुलगी प्रेतांच्या गाडीमागून इथवर आली होती. खड्ड्यांचा ठाव तिच्याकडूनच लागला. मग आद्रिएनने बहीण पोलीनसह इतर कुटुंबांकडून वर्गणी जमवली आणि १८०२ मध्ये लगतची जमीन विकत घेतली. १८०७ मध्ये ती गेली आणि इथेच विसावली. लाफायेत त्यानंतर २६ वर्षे जगला. अमेरिकेने १८२४-२५ मध्ये त्याला २४ राज्यांतून मिरवले. १८३०च्या क्रांतीत पॅरिसच्या नगरभवनाच्या सज्जात उभे राहून त्याने भावी राजा लुई फिलिपला लोकांपुढे आणले आणि काही महिन्यांतच त्याच्याबाबत निराश झाला. १८३४ मध्ये त्याला बायकोच्या शेजारी पुरले. अमेरिकेतल्या बंकर हिलच्या रणभूमीवरून त्याने आणलेली माती त्याच्या मुलाने, जॉर्ज वॉशिंग्टन द लाफायेतने, शवपेटीवर घातली. कबरीवर अमेरिकेचा झेंडा असतो आणि दर ४ जुलैला तिथे समारंभ होतो.

कबर पाहून लगेच परत फिरू नये, चर्चमध्ये जावे. तिथल्या भिंतींवर १,३०६ जणांची नावे वय आणि व्यवसायासह कोरलेली आहेत. गिलोटिन म्हणजे सरदारांचा काळ, असे आपण शाळेत शिकलो. या यादीत निम्म्याहून अधिक माणसे सामान्य घरांतली आहेत. बाहेरच्या दफनभूमीत मात्र जागा मिळते ती बळींच्या वंशजांना, आणि तिथले दगड मुख्यतः बड्या घराण्यांचे. नोकराचाकरांच्या वाट्याला भिंतीवरची एक ओळ आली. ज्या हक्कांचा मसुदा लाफायेतने मांडला, ते या माणसांसाठीही होते. म्हणून भिंतीसमोर कबरीइतकाच वेळ द्यावा, जमेल तितकी नावे वाचावीत.