लघवी गढूळ होते तेव्हा



वर्षावासात विहारातले वाचन संपले की दोन-चार जणी मागे रेंगाळतात. चपला घालायला उगाच वेळ लावतात आणि बाकीचे गेले की हळूच बाजूला घेतात. अशाच एका ताईने आम्हाला विचारले, "सिस्टर, चार दिवस झाले लघवी ताकासारखी होते. नळाला गढूळ पाणी येतंय, तेच खाली उतरतंय का?"

हा प्रश्न पनवेलच्या वस्त्यांमध्ये आम्हाला दरवर्षी ऐकू येतो. उन्हाळ्यात देहरंग धरण आटले की टँकर आणि पावसाळ्यात नळाला चहासारखे पाणी, त्यामुळे तसे वाटणे साहजिक आहे. पण प्यालेले पाणी सरळ खाली उतरत नाही. ते आतड्यातून रक्तात जाते, रक्त मूत्रपिंडात गाळले जाते आणि त्या गाळणीतून लघवी तयार होते. पाण्यातला गाळ तिथवर पोचत नाही. गढूळ पाण्याने जुलाब होतात, कावीळ होते, टायफॉइड होतो. जुलाबाने अंगातले पाणी कमी झाले तर लघवी गडद होते, एवढाच काय तो संबंध. पाणी उकळून प्या, पण लघवी गढूळ असेल तर कारण दुसरीकडे शोधा.

निरोगी माणसाची लघवी फिकट पिवळी आणि आरपार दिसणारी असते. तिच्यात क्षाराचे कण, पू, जंतू, रक्त किंवा अंगावरून जाणारे पांढरे मिसळले की ती गढूळ दिसते. यातले सगळेच काही आजार नाहीत. डब्यात धरून ठेवलेली लघवी गार झाली की तिच्यातले क्षार बाहेर पडतात आणि ती आपोआप गढूळते. भरपूर जेवण किंवा दूध झाल्यावरही एखाद्या वेळी पांढरट होते. त्रास काहीच नसेल तर दिवसभर नीट पाणी प्यावे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लघवी स्वच्छ झाली तर विषय संपला.

नीट पाणी प्यावे, असे आम्ही सहज लिहून गेलो. आमच्या बायका पाणी का पीत नाहीत ते आधी बोलू. खांदा कॉलनी, कामोठे, खारघरला धुणीभांडी करणाऱ्या भगिनी सकाळी सातला घर सोडतात. चार घरची कामे करतात, त्या चारही घरांत संडास असतो, पण तो वापरू का असे विचारायची सोय नसते. काही घरांत तर स्पष्ट नाही म्हणतात. मग ती बाई सकाळी अर्धा कप चहा पिते आणि दुपारी दोनपर्यंत घशाखाली पाण्याचा घोट जाऊ देत नाही. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मजूर बायकांचे तेच. वस्तीतल्या सार्वजनिक संडासात रात्री दिवा नसतो, म्हणून पोरी संध्याकाळनंतर पाणी बंद करतात. मुंबईत 2011 साली महिला संघटनांनी 'राइट टू पी' ही मोहीम सुरू केली ती यासाठीच. पुरुषांना मुतारी फुकट आणि बाईला पैसे, हा कुठला न्याय, असे त्यांनी महापालिकेला विचारले. आपल्याकडे अजून हा प्रश्न वॉर्डाच्या बैठकीत काढला की लोक हसतात. आम्हाला त्याचा राग येतो, कारण वॉर्डात काम करताना याच बायका थंडी वाजून ताप भरलेल्या अवस्थेत आमच्यासमोर यायच्या.

कारण असे आहे. लघवीची नळी बाईला साधारण चार सेंटिमीटर, पुरुषाला त्याच्या चार-पाच पट. संडासाच्या जागेचे जंतू बाईच्या मूत्राशयात पोचायला फार वाट लागत नाही. एरवी दर तीन-चार तासांनी लघवी झाली की ते धुऊन जातात. पाणी कमी आणि लघवी तासन्‌तास दाबलेली, म्हणजे जंतूंना वाढायला निवांत जागा. मग जळजळ सुरू होते, सारखी लागते पण थेंब थेंबच होते, ओटीपोट दुखते, वास येतो आणि लघवी गढूळ होते. घरात याला 'उन्हाळी लागली' म्हणतात आणि धने-जिऱ्याचे पाणी देतात. त्याने पोटात पाणी तरी जाते, म्हणून आम्ही अडवत नाही. पण जंतुसंसर्ग झाला असेल तर तो धने-जिऱ्याने जात नाही. दोन दिवसांत उतार नसेल तर दवाखाना गाठावा. संडासनंतर धुताना हात पुढून मागे न्यावा, मागून पुढे आणू नये. मुलींना हे लहानपणीच शिकवावे. नवराबायकोच्या संबंधानंतर बाईने लघवी करून यावे, यात लाजण्यासारखे काही नाही.

कधी लघवी स्वच्छच असते आणि अंगावरून जाणारे पांढरे तिच्यात मिसळते. त्याला खाज, दुर्गंधी, दह्यासारखे किंवा हिरवट जाणे असेल तर तो वेगळा आजार आहे आणि त्याचे औषध वेगळे.

पुरुषांचेही सांगायला हवे. स्टेशनबाहेरच्या भिंतींवर 'धातू जाणे' बरे करणाऱ्यांच्या जाहिराती असतात. एखाद्या पोराची लघवी पांढरट झाली की तो घाबरून तिथे जातो आणि पगार घालवून येतो. बहुतेक वेळा ते साधे क्षार असतात किंवा राहिलेले वीर्य असते. त्याने ताकद जात नाही. मात्र लघवीच्या जागेतून पू येत असेल आणि जळजळ असेल तर तो परमा असू शकतो. तेव्हा सरकारी दवाखान्यात जा, आणि जोडीदाराचाही उपचार झाला पाहिजे. तळोज्याच्या कारखान्यांत, कळंबोलीच्या लोखंड बाजारात उन्हात राबणाऱ्यांना मुतखड्याचा त्रास होतो. कमरेपासून जांघेपर्यंत कळ येते, लघवी गढूळ किंवा लालसर होते. साठीच्या पुढच्या पुरुषाची धार बारीक झाली, लघवी मागे राहते असे वाटू लागले तर प्रोस्टेट तपासून घ्यावे.

विहारातल्या त्या ताईकडे परत येतो. तिला आम्ही तपासणीला पाठवले. रिपोर्टमध्ये पस सेल भरपूर निघाले आणि साखरही निघाली. वय अडतीस, मधुमेह आहे हे तिला माहीतच नव्हते. साखर वाढलेल्या माणसाला लघवीचा संसर्ग लवकर होतो, पुन्हा पुन्हा होतो आणि वरपर्यंत चढतो. बाबासाहेबांना मधुमेहाने किती छळले ते आपल्या घराघरांत सांगितले जाते, पण स्वतःची साखर तपासायची वेळ आली की आपण पुढच्या महिन्यावर ढकलतो.

गरोदर बाईला जळजळ नसली तरी लघवीत जंतू असू शकतात. उपचार झाला नाही तर ते मूत्रपिंडात चढतात आणि बाळ दिवस भरण्याआधी होण्याची भीती असते. म्हणून प्रत्येक तपासणीत लघवी मागतात, ती टाळू नका. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची खास तपासणी असते.

विदर्भातून इकडे आलेली बरीच कुटुंबे आपल्यात आहेत. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, नागपूर या पट्ट्यात हत्तीरोग आहे. डास चावून शिरलेले ते जंतू क्वचित पाय न सुजवता लघवीची वाट धरतात, आणि लघवी अगदी दुधासारखी पांढरी होते. असे दिसले तर डॉक्टरांना आपले गाव आवर्जून सांगा, नाहीतर पनवेलमध्ये ते कुणाच्या लक्षात येणार नाही. लघवीला फेस येणे ही आणखी वेगळी गोष्ट. रोज फेस येतो, सकाळी चेहरा किंवा पाय सुजतात, तर मूत्रपिंडातून प्रथिने गळत असतील. रक्तदाब आणि लघवी दोन्ही तपासा.

आता थांबायचे नाही, त्याच दिवशी जायचे, असे कधी? हुडहुडी भरून ताप आला, पाठीत बरगडीखाली दुखते, उलट्या होतात, लघवीत रक्त दिसते किंवा लघवी अडली आहे. गरोदर बाई, मधुमेही, लघवीची नळी घातलेला पेशंट आणि लहान मूल यांच्या बाबतीत तर नुसत्या जळजळीवरही थांबू नका. बाळ बोलून दाखवत नाही. सर्दी-खोकला नसताना ताप येत असेल तर लघवी तपासा. म्हातारे माणूस अचानक बरळू लागले, सुस्त झाले, तर लगेच न्या. गाडी नसेल तर 108 ला फोन करा. उलट, आजीची लघवी नुसती गढूळ आहे आणि ताप, जळजळ, बाकी त्रास काही नाही, तर अँटिबायोटिक मागू नका, त्याची गरज नसते.

मेडिकलवाल्याकडून दोन गोळ्या आणून खाण्याची सवय मोडा. दोन गोळ्यांनी जळजळ थांबते, पण उरलेले जंतू त्या औषधाला सरावतात आणि पुढच्या वेळी तीच गोळी लागू पडत नाही. शेजारणीची उरलेली गोळी गरोदर बाईने तर मुळीच घेऊ नये. डॉक्टरांनी जितके दिवस सांगितले तितके दिवस घ्या.

15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयातही केसपेपरला पैसे नाहीत. लघवी द्यायची ती तिथे मिळणाऱ्या डबीतच द्या, घरची औषधाची बाटली धुऊन नेऊ नका. आधी जागा पाण्याने धुवा, पहिली धार सोडून द्या, मधली डबीत धरा. डबीच्या आत बोट लावू नका. पाळी चालू असेल तर सांगा. कल्चर सांगितले असेल तर अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्याआधी नमुना द्या आणि तो तासा-दोन तासांत लॅबमध्ये पोचवा. घरून डबी घेऊन आधी दोन घरची भांडी उरकून मग लॅबला जाणाऱ्या बायका आम्ही पाहिल्या आहेत. तोवर डबीतले जंतू वाढलेले असतात आणि रिपोर्ट चुकतो. त्या दिवशी लघवी दवाखान्यातच द्या आणि कामावर तासभर उशीर होईल असे आदल्या दिवशी सांगून ठेवा.