ई-मेल आले, पण दिसले कसे नाही?



“सभेची नोटीस आम्हाला आलीच नाही,” अशी तक्रार घेऊन वेल्ह्याकडचे काही सभासद आमच्याकडे आले. मोबाईल उघडून पाहतो तो नोटीस ‘स्पॅम’ नावाच्या कप्प्यात पडलेली! मतदार यादीवरील हरकतीची मुदत अशीच निघून गेली, तर मग कोणाला बोल लावायचा? म्हणून हे चार शब्द.

स्पॅम म्हणजे न मागता घाऊक धाडलेले पत्र. मे १९७८ मध्ये अमेरिकेत एका संगणक विक्रेत्याने सुमारे ४०० जणांना एकदम जाहिरात पाठवली, तेव्हापासून ही पीडा आहे. ती अडवण्यासाठी ई-मेल कंपन्यांनी चाळण लावली. पण भात पाखडताना फोलाबरोबर चार दाणेही सुपाबाहेर पडतात, तसेच इथेही होते. एकच मजकूर शेकडो जणांना गेला की यंत्राला तो जाहिरातीसारखा वाटतो.

मग करायचे काय? आठवड्यातून एकदा स्पॅमचा कप्पा उघडावा. जीमेलमध्ये तिथले पत्र ३० दिवसांनी आपोआप पुसले जाते, आणि साध्या शोधात ते सापडत नाही. आपले पत्र दिसले की ‘स्पॅम नाही’ हे बटण दाबावे व पाठवणाऱ्याचा पत्ता संपर्क यादीत घालावा. तिथेही पत्र नसेल, तर जागा भरली आहे का ते पाहावे. फुकटची १५ जीबी जागा फोटो-व्हिडिओंनी भरली, की नवे पत्र येतच नाही.

पाठवणाऱ्याकडेही दोष असू शकतो. त्याने तीन गोष्टी कराव्या लागतात. एसपीएफ, म्हणजे आपल्या नावाने पत्र कोणत्या यंत्राने पाठवावे याची यादी. डीकेआयएम, म्हणजे पत्रावरची डिजिटल सही. आणि डीमार्क, म्हणजे ही तपासणी न जुळल्यास पत्राचे काय करावे याची सूचना. दिवसाला ५,००० हून अधिक पत्रे धाडणाऱ्यांना गूगलने फेब्रुवारी २०२४ पासून या तिन्ही गोष्टी सक्तीच्या केल्या आहेत. थोडी पत्रे पाठवणाऱ्यानेही त्या केलेल्या बऱ्या.

मात्र स्पॅममधले सगळेच काही आपले नसते. पाठवणाऱ्याचा पत्ता अक्षर न् अक्षर वाचावा. ओटीपी किंवा बँकेचा तपशील मागणाऱ्या पत्राला हात लावू नये. फसवणूक झालीच, तर ताबडतोब १९३० वर फोन करावा.

घरातल्या शिकत्या पोरांना जवळ बसवून आजच हे पाहून घ्यावे, ही विनंती.