बर्फाविना डॅनिश हिवाळा

कोपनहेगन, जानेवारी

डेन्मार्कच्या हिवाळ्याचे आपल्या मनातले चित्र बहुधा नाताळच्या शुभेच्छापत्रांवरून आलेले असते. इथला खरा हिवाळा पावसाळी, वाऱ्याचा आणि करडा असतो. या देशातले कोणतेही ठिकाण समुद्रापासून सुमारे ५२ किलोमीटरपेक्षा लांब नाही. अटलांटिकवरून येणारे पश्चिमेचे वारे ऊब आणि ओल दोन्ही आणतात, त्यामुळे जानेवारीचे सरासरी तापमानही शून्याच्या थोडे वरच राहते. इथले हवामान खाते पांढरा नाताळ मोजते तो असा: २४ डिसेंबरच्या दुपारी देशाचा किमान ९० टक्के भाग अर्ध्या सेंटिमीटरहून जाड बर्फाखाली हवा. १९०० ते २०१० या काळात असा योग केवळ नऊ वेळा आला. तेव्हा मेणबत्त्या, लोकरी पांघरूण, मसाला घातलेली गरम वाइन आणि चार माणसांच्या निवांत गप्पा, ज्याला डॅनिश लोक ‘हुगा’ म्हणतात, ते सारे बर्फाच्या कडाक्यावरचे उत्तर असावे, हा समज मला पटत नाही. हुगाचा सामना अंधाराशी आहे.

डिसेंबरच्या अखेरीस कोपनहेगनमध्ये सूर्य साडेआठनंतर उगवतो आणि पावणेचारच्या सुमारास मावळतो. बर्फ असला की रस्त्यावरचा थोडा उजेडही परावर्तित होऊन दुणावतो. ओला डांबरी रस्ता मात्र तो गिळून टाकतो. म्हणजे हिवाळा जितका सौम्य, तितका डोळ्यांना जास्त काळोखा. घरातल्या प्रकाशाचा इतका बारकाईने विचार इथे झाला तो याचमुळे, असे मला वाटते. पौल हेनिंगसेन या वास्तुरचनाकाराने १९२० च्या दशकात एकाखाली एक वक्र आवरणे बसवून असा दिवा घडवला, की जळता बल्ब डोळ्यांना दिसू नये आणि उजेड मवाळपणे टेबलावर उतरावा. त्याच विचारातून आलेला त्याचा १९५८ चा दिवा आजही डॅनिश घरांतल्या जेवणाच्या टेबलांवर लोंबताना दिसतो. छताच्या मध्यभागी एकच झगझगीत दिवा लावण्याऐवजी खोलीत ठिकठिकाणी लहान दिवे ठेवायचे, त्यांच्या वर्तुळात माणसे बसवायची, ही रीत मला फार शहाणी वाटते.

यावर कोणी म्हणेल, हे सारे सुखवस्तू घरांचे चोचले आहेत. आक्षेप अर्धा खरा आहे. महागडा दिवा सर्वांना परवडत नाही. पण ऊब इथे बऱ्याच अंशी सार्वजनिक सोय आहे. १९७३ च्या तेलसंकटाने हा देश हादरला आणि १९७९ मध्ये उष्णतापुरवठ्याचा कायदा झाला. आज सुमारे दोन-तृतीयांश घरांत जमिनीखालच्या नळांतून गरम पाण्याची उष्णता येते, आणि तिचा एक भाग शहराचा कचरा जाळून मिळतो. कोपनहेगनच्या अमागर बाके या कचरा-ऊर्जा प्रकल्पाच्या छपरावर बर्फाशिवाय स्कीइंग करण्याचा उतार आहे, तोही याच हवामानाला साजेसा. शिवाय पूर्णवेळ कामाचा आठवडा साधारण ३७ तासांचा. संध्याकाळी घरी पोचायला वेळच नसेल, तर मेणबत्ती लावून तरी काय उपयोग?

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. हवामान बदलत असताना सौम्य हिवाळ्याचा आनंद मानायचा कसा? घरातल्या उबेचा आनंद मानणे आणि तापलेल्या हवेचे स्वागत करणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, एवढे मी ठामपणे म्हणेन. पण ऊब मिळवण्याची रीत निर्दोष असते असे नाही. मेणबत्त्या घरातल्या हवेत अतिसूक्ष्म कण सोडतात. लाकडाच्या शेगड्या तर देशातल्या सूक्ष्म धूलिकणांचा मोठा स्रोत आहेत. म्हणून २०२१ पासून घर विकत घेणाऱ्याला २००३ पूर्वीची जुनी शेगडी बदलावी किंवा मोडीत काढावी लागते. शेजाऱ्याच्या फुफ्फुसांचा हिशोब असा घराच्या व्यवहारातच धरला जातो, हे मला मोलाचे वाटते. मेणबत्त्यांच्या बाबतीत मात्र अजून खिडकी उघडण्यापलीकडे कोणी फारसे काही सांगत नाही.