मंडळाचं इको मशीन घरच्या रेकॉर्डिंगला कसं जोडाल?

वसई-विरारमध्ये भजन, कुपारी गाणी, तारप्याची धून घरीच रेकॉर्ड करायची तर मंडळाचं जुनं इको मशीनही कामाला येतं. मात्र आपल्या ऑडिओ इंटरफेसला किमान ४ आऊटपुट आहेत का, ते आधी बघा. १ आणि २ स्पीकरला लागतात.

सगळे आवाज शून्यावर आणा, मग वायरी लावा. ३ नंबरच्या आऊटपुटमधून वायर इकोच्या इनपुटला. इकोच्या आऊटपुटमधून वायर इंटरफेसच्या लाइन इनपुटला. माइकच्या इनपुटला लावू नका, तिथे आवाज फाटतो. ४८ व्होल्टचं बटण कंडेन्सर माइकसाठी असतं, ते बंद ठेवा.

कॉम्प्युटरवर गायकाच्या ट्रॅकचा सेंड ३ नंबरला द्या. परत येणारा इको वेगळ्या ट्रॅकवर घ्या. हा परतीचा ट्रॅक पुन्हा ३ नंबरला पाठवलात, तर तोच आवाज गोल फिरून वाढत जातो आणि कर्कश शिट्टी बसते. स्पीकरही जाईल, कानही. इकोमध्ये मूळ आवाज बंद ठेवा, तो ट्रॅकवर असतोच.

घूं असा आवाज आला तर सगळी मशीनं अर्थिंग असलेल्या एकाच बोर्डावर लावा. अर्थिंगची पिन मात्र कधीच काढू नका, शॉक बसेल.