जादूचा कॅट आणि दिवाळीचा डाव

दिवाळी जवळ आली की दिल्लीच्या बाजारांत पणत्या व मिठाई यांच्या जोडीने आणखी एका वस्तूची मागणी वाढते, ती म्हणजे पत्त्यांचे कॅट. दिवाळीच्या रात्री पत्ते खेळणे हा उत्तर हिंदुस्थानात शकुन मानला जातो. महाराष्ट्रातून बदली होऊन आलेल्या कुटुंबास प्रथम याचे नवल वाटते. आपल्याकडे पत्ते म्हणजे मे महिन्याची दुपार, झब्बू, बदाम सात आणि मेंढीकोट. परंतु आर. के. पुरमसारख्या सरकारी वसाहतीत एकाच जिन्यावर तमिळ, बंगाली, पंजाबी आणि मराठी बिऱ्हाडे नांदतात. तेथे एकाचा शकुन दुसऱ्याच्या उंबऱ्याशी पोहोचण्यास वेळ लागत नाही. याच दिवसांत मुलांच्या हाती खेळण्यांच्या दुकानातून निराळाच एक कॅट येतो. त्याच्या डबीवर ‘जादूचे पत्ते’ असे छापलेले असते. वाचकहो, या दोन कॅटांची आपल्या घरात सरमिसळ होऊ नये असे वाटत असेल, तर दुसऱ्या कॅटाचे अंतरंग थोडे जाणून घेतलेले बरे.

जादूसाठी मुद्दाम छापलेल्या पत्त्यांचे प्रकार पुष्कळ आहेत. काहींना दोन्ही बाजूंस पाठच असते, काहींना दोन्ही बाजूंस तोंड. काहींच्या एका अंगावर दोन निराळ्या पत्त्यांचे अर्धे अर्धे चित्र असते, म्हणजे वरून दुसरा पत्ता सरकविला की चौकी दिसावी आणि काढला की राजा. काही पत्त्यांवर किंचित खरखरीत लेप असतो, त्यामुळे दोन पत्ते एकमेकांस धरून राहतात आणि एकच असल्यासारखे सरकतात. जादूगारांच्या गुपितांवर धाड घालण्याचा आमचा हेतू नाही. पण एका कॅटाचे गुपित डबीतल्या कागदावरच छापलेले असते आणि शंभराहून अधिक वर्षे ते बाजारात आहे. तेवढे सांगण्यास हरकत नसावी.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत बर्लिंग हल यांनी हा कॅट विक्रीस आणला. त्याचे नाव ‘स्वेंगाली’. हे नाव १८९४ च्या ‘ट्रिल्बी’ या इंग्रजी कादंबरीतील, दुसऱ्याच्या मनावर ताबा मिळविणाऱ्या खलपुरुषाचे. या कॅटात पत्ते ५२ असतात खरे, पण त्यांपैकी २६ अगदी सारखे. समजा, सगळ्या बदाम राण्या. उरलेले २६ निरनिराळे. एक राणी, तिच्याखाली एक निराळा पत्ता, पुन्हा राणी, अशी त्यांची रचना असते, आणि प्रत्येक राणी इतर पत्त्यांहून लांबीला सुमारे एक मिलीमीटर आखूड कापलेली असते. पत्त्यांची तोंडे पाहणाऱ्याकडे करून कडा सरसर सोडल्या की बोट फक्त लांब पत्त्यांस लागते. पत्ते जोडीजोडीने पडतात आणि राणी आपल्या जोडीदाराच्या आड लपून राहते. पाहणाऱ्यास सत्ती, गुलाम, दश्शी, एक्का असा नेहमीचाच कॅट दिसतो. आता तोच कॅट पालथा धरावा, पुन्हा कडा सोडाव्या आणि पाहुण्यास वाटेल तेथे ‘थांबा’ म्हणावयास सांगावे. तो कोठेही थांबवो, खालच्या गठ्ठ्यावरचा पहिला पत्ता बदाम राणीच असणार! पाहुण्यास निवडीचे पूर्ण स्वातंत्र्य असते. फक्त निवडण्याजोगे काही नसते.

ही करामत सर्वस्वी छापखान्याची व कापणीयंत्राची आहे. खास पत्ता जितका खास, तितका तो साधा दिसला पाहिजे. त्याच्या पाठीची नक्षी बाजारातल्या साध्या कॅटाशी रेघेरेघेने जुळली नाही तर सारा डाव फसला. म्हणून चांगले जादूगार रोजच्या खेळात सर्वत्र दिसणाऱ्या पाठीचेच खास पत्ते पसंत करतात. अमेरिकेत १८८५ पासून निघणाऱ्या ‘बायसिकल’ पत्त्यांची पाठ त्यासाठी जगभर वापरली जाते. असे पत्ते योजणाऱ्यांत थिओडोर डीलँड (१८७३–१९३१) हे नाव मोठे. हे गृहस्थ फिलाडेल्फियाच्या सरकारी टांकसाळीत नोकरीस होते. दिवसा जेथे खोटे नाणे चालणार नाही असे काम, आणि फावल्या वेळी खोट्या पत्त्यांची आखणी! सरकारी नोकरांच्या वसाहतीत राहणाऱ्यांस या योगायोगाची गंमत वाटल्यावाचून राहणार नाही.

येथे आपल्या सावंतवाडीच्या गंजिफ्याची आठवण होते. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनकडे गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. तो खेळ पुढे देशभर पसरला आणि सावंतवाडीत दशावतारी रूपाने रुजला. दहा अवतार, प्रत्येकाचे बारा पत्ते, एकूण १२०. सगळे हाताने रंगविलेले व लाखेने चकचकीत केलेले. विसाव्या शतकात ही कला लोपू लागली असता शिवरामराजे व सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच कारागीर बसवून तिला जीवदान दिले. हे पत्ते गोल असतात. गोल पत्त्यास डोके नाही, पाय नाही, लांबी-रुंदी नाही. उलटा फिरविला तरी तो तसाच. त्यामुळे पत्ता एका टोकाकडे निमुळता कापून, नंतर तो उलट दिशेने घालून ओळखण्याची जी जुनी युक्ती आहे, तिची मात्रा गंजिफ्यावर चालायची नाही. चौकोनी पत्ता यंत्रावर छापू लागल्यावर एक पत्ता दुसऱ्यासारखा हुबेहूब झाला, आणि त्या हुबेहूबपणाच्या आडोशालाच फसवा पत्ता राहू लागला.

महाराष्ट्रात जादूगार म्हटले की पुण्याचे रघुवीर (१९२४–१९८४) आठवतात, देशात पी. सी. सरकार (१९१३–१९७१). त्यांची कला भव्य रंगमंचाची. पत्त्यावरचे चिन्ह दहाव्या रांगेतून दिसत नाही. पत्त्यांची जादू ही दिवाणखान्याची कला आहे, आणि दोन खोल्यांच्या सरकारी क्वार्टरला ती चांगलीच मानवते.

पण त्याच दोन खोल्यांत दिवाळीचा डावही मांडला जातो. जादूगार आरंभीच सांगतो, ‘मी आपल्यास फसविणार आहे’, आणि आपण हसत संमती देतो. पैशाच्या डावात ही संमती कोणी दिलेली नसते. कागद तोच, कापणी तीच. एका ठिकाणी करमणूक, दुसऱ्या ठिकाणी चोरी. फ्रान्सचे विख्यात जादूगार रोबेर-हूदँ यांना हा भेद इतका महत्त्वाचा वाटला की, १८६१ साली त्यांनी पत्तेबाज लबाडांच्या युक्त्या उघड करणारे स्वतंत्र पुस्तकच लिहिले. त्याहून जुना दाखला इंग्लंडचा. चेटकाच्या आरोपाखाली माणसे मारली जात असता रेजिनल्ड स्कॉट यांनी १५८४ साली हातचलाखीचे खेळ ग्रंथात समजावून दिले, ते यात सैतानाचा हात नसतो हे पटविण्यासाठी. आपल्याकडे अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी हीच वाट धरली: आधी ‘चमत्कार’ करून दाखवावयाचा आणि लगेच त्याचे कारण सांगावयाचे.

कायद्याच्या दृष्टीने, दिल्लीत १९५५ पासून सार्वजनिक जुगाराविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे. फसवणुकीचे जुने कलम ४२० होते. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ ने घेतली. भाषेतला ‘चारशेवीस’ मात्र अजून बदली होऊन गेलेला नाही.

आपल्या घरी नुसता गमतीचा डाव असला तरी अनोळखी कॅट तपासून घेण्यात कमीपणा नाही. पत्त्यांच्या पाठी डोळ्यांसमोर धरून कडा झरझर सोडाव्या. छापील खूण असल्यास स्थिर नक्षीत काहीतरी हलताना दिसते. मग अर्धा कॅट उलट दिशेने फिरवून उरलेल्या अर्ध्यात मिसळावा, चौकोनी ठोकावा आणि लांब बाजूंवरून बोटे फिरवावी. पत्ते निमुळते असतील तर पायरी लागते. आखूड पत्ते असतील तर आखूड कडेवरून अंगठा ओढताना अडखळतो. मुलांकडून ही तपासणी करवून घ्यावी, त्यांची बोटे आपल्याहून तल्लख असतात.

आणि ज्या मुलास जादूचा कॅट आणून दिला, त्याच्याशी दोन गोष्टी ठरवून घ्याव्या. हा कॅट खेळाच्या कॅटापासून दूर, निराळ्या खणात राहील. आणि खेळ पुरता बसल्याशिवाय तो कोणापुढे निघणार नाही. दुसरी गोष्ट त्यास जड जाईल. डबी उघडताच आपण जादूगार झालो असे प्रत्येकास वाटते. वस्तुतः कडा सारख्या वेगाने सोडणे, त्या वेळी हाताकडे न पाहता समोरच्याकडे पाहून बोलणे, कोणी कॅट पिसण्यास मागितला तर न गडबडता विषय बदलणे, हे कोणत्याही छापखान्यात छापून मिळत नाही. आठवडाभर आरशासमोर बसावे लागते.

सर्वांत अवघड प्रसंग खेळ जमल्यानंतरचा. आजी थक्क होते, शेजारच्या मावशी टाळ्या वाजवितात, आणि कोणीतरी म्हणतेच, ‘पुन्हा एकदा करून दाखव.’ कॅटात २६ बदाम राण्या आहेत हे मुलाने विसरता कामा नये. दुसऱ्या खेपेसही तीच राणी निघाली की धाकटे भावंडसुद्धा बोट दाखवील. तेव्हा त्याने नम्रपणे नमस्कार करावा, कॅट डबीत घालून खणात ठेवावा आणि साधा कॅट काढून चौघांना मेंढीकोटासाठी बसवावे. पत्ते आजीने पिसावे.